न काढलेल्या तेलाचा भाव

तेल काढून पैसे मिळवणं हा आता अडाण्यांचा धंदा झाला. समुद्रात फलाट उभारा, पाइप टाका आणि बाजारात भाव पडले की कपाळाला हात लावून बसा. शहाणा माणूस तेल तळाशीच ठेवतो आणि वकील नेमतो.

इटलीच्या आब्रुझ्झो किनाऱ्यावर मासेमारीची जुनी लाकडी मचाणं आहेत. पाण्यात रोवलेल्या खांबांवर टेकलेली, पुढे जाळी लोंबणारी. तिथल्याच समुद्राखाली ओम्ब्रिना मारे हे तेलक्षेत्र आहे. ते ज्या कंपनीकडे होतं, ती ब्रिटनच्या रॉकहॉपरने २०१४ मध्ये सुमारे २.९ कोटी पौंडांना घेतली. किनाऱ्यावरची माणसं रस्त्यावर उतरली आणि २०१५ च्या अखेरीस इटलीने बारा सागरी मैलांच्या आत नव्याने तेल काढायला बंदी घातली. ओम्ब्रिना मारेतलं उत्पादन तर सुरूच झालेलं नव्हतं. २०२२ मध्ये लवादाने भरपाई ठरवली १९ कोटी युरो, वर व्याज. इतकं उत्पन्न देणारी विहीर अरबस्तानातही सापडायची नाही.

गंमत म्हणजे कंपनीने दावा लावला २०१७ साली आणि इटली, ज्याच्या आधारे तो लावला त्या ‘ऊर्जा सनद करारा’तून २०१६ च्या १ जानेवारीलाच बाहेर पडली होती. पण १९९४ च्या या करारात एक कलम आहे: देश बाहेर पडला तरी जुन्या गुंतवणुकीला पुढची वीस वर्षं संरक्षण. लग्न मोडलं म्हणून हॉलवाल्याने डिपॉझिट तर ठेवून घ्यावंच, वर होऊ शकली असती अशा बारशांचं भाडंही मागावं, त्यातला प्रकार.

२०२५ च्या जूनमध्ये तो निवाडा रद्द झाला. समुद्राची दया आली म्हणून नव्हे हो, पंचमंडळाच्या नेमणुकीतच खोट निघाली म्हणून. नव्याने दावा लावायला दार उघडं आहेच.

त्याच महिन्यात युरोपीय संघ या करारातून बाहेर पडला. म्हणजे जुन्या गुंतवणुकीला २०४५ पर्यंत अभय, आणि संघाला कार्बनमुक्त व्हायचंय २०५० पर्यंत. मधली पाच वर्षं पृथ्वी वाचवायला मोकळीच. सदस्य देशांनी हे कलम आपापसात लावायचं नाही असं ठरवून घेतलंय म्हणा. बाहेरच्या कंपन्यांनी मात्र तसं काही ठरवल्याचं ऐकिवात नाही.

आपण या करारात नाही, म्हणून हसायला हरकत नव्हती. पण एन्रॉनचा दाभोळचा वीजप्रकल्प आठवतो. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा देत १९९५ मध्ये महाराष्ट्रात युतीचं सरकार आलं, करार रद्द झाला, कंपनीने लंडनला लवाद गाठला. मग वाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन वर आला. १९९६ च्या मे महिन्यात केंद्रातल्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता त्याच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. युरोपला असली हमी लिहायला पन्नासेक देश जमवावे लागले. आपल्याकडे मुदत संपत आलेलं एक मंत्रिमंडळ पुरलं.