वाघांचा उखाणा

जपानमध्ये मी पहिला गोंधळ घातला तो लोकल गाडीत. ओसाका आणि कोबे यांच्यामध्ये निशिनोमिया नावाचं गाव आहे, तिथे माझा भाचा नोकरीनिमित्त राहतो. आमचं स्टेशन आलं, दार उघडलं, आणि हा पठ्ठ्या मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. मी ओरडलो, "अरे! अरे, अरे!"

जपानी गाडीत आवाज चढवणं म्हणजे गाभाऱ्यात चपला घालून शिरणं. पण डब्यात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सदरे घातलेली सात-आठ माणसं होती, ती रागावली नाहीत, उलट खुलली. एका आजोबांनी तर मूठ वर करून "आरे! आरे!" असा प्रतिसाद दिला आणि कमरेत वाकून मला नमस्कार केला. मीही वाकलो. तेवढ्यात दार बंद झालं आणि आम्ही पुढच्या स्टेशनावर उतरलो.

"मामा, तुम्ही आत्ता काय म्हणालात माहितीये?" भाचा म्हणाला. "तुम्ही त्यांना अजिंक्यपदाची आठवण करून दिलीत."

हा 2023 चा सप्टेंबर. हॅनशिन टायगर्स हा इथला बेसबॉलचा संघ, म्हणजे अर्ध्या ओसाकाचं कुलदैवत. त्यांना लीगचं अजिंक्यपद मिळून 18 वर्षं झाली होती. शेवटचं 2005 साली, तेव्हाही व्यवस्थापक हेच होते, आकिनोबु ओकादा. आता पासष्टीत पुन्हा बोलावून घेतलेले. या गृहस्थांनी ठरवलं, की अजिंक्यपद हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. काढला की पोरं बिचकतात, नजर लागते. मग काय म्हणायचं? तर 'आरे'. जपानीत याचा अर्थ 'ते', 'ते तिकडचं'. "यंदा आरे मिळवायचं." झालं. खेळाडू आरे म्हणू लागले, वर्तमानपत्रं आरे छापू लागली. संघानं त्याच्या ए-आर-ई या अक्षरांतून एम, रिस्पेक्ट, एम्पॉवर असं इंग्रजी रूपसुद्धा पैदा केलं आणि वर्षाचं घोषवाक्य म्हणून लावून टाकलं.

भाच्याला ही मोठी जपानी गंमत वाटत होती. त्याची मामी मात्र अजिबात चकित झाली नाही. "त्यात काय एवढं?" ती म्हणाली. बरोबरच आहे. आपण मंगळसूत्र तुटलं म्हणत नाही, वाढलं म्हणतो. दिवा विझवत नाही, शांत करतो. रात्री सापाला साप न म्हणता जनावर म्हणतो. लग्नाला 38 वर्षं झाली, या बाईनं माझं नाव दोनदा घेतलं आहे आणि दोन्ही वेळा उखाण्यात. बाकी सारा संसार 'अहो' आणि 'हे' यांच्यावर निभावला. ओकादासाहेबांचं दुखणं तिला बसल्या जागी कळलं.

मुळात आम्ही ऑगस्टच्या मध्याला तिथे पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी मी वाघांचं घर बघायला कोशिएन मैदानावर गेलो. मैदान 1924 सालचं. त्यांच्याकडेही आपल्यासारखं 60 वर्षांचं संवत्सरचक्र असतं. ते वर्ष चक्रातलं पहिलं, आपलं 'प्रभव' समजा, म्हणून मैदानाचं नाव त्यावरून. आत गेलो तर वाघ नाहीतच. मुंडण केलेली शाळकरी पोरं खेळताहेत आणि एक पोरगा हरल्यावर रडत रडत मैदानातली काळी माती पिशवीत भरतोय. ऑगस्टमध्ये इथे शाळांची राष्ट्रीय स्पर्धा असते, आणि तेवढे दिवस घरमालकालाच घराबाहेर काढतात. कार्यालयातल्या वऱ्हाडासाठी कुटुंबानं गच्चीत झोपावं तसे वाघ परगावी खेळत फिरतात. या दौऱ्यात उन्हाळ्यानं आणि प्रवासानं त्यांचा दरवर्षी जीव जातो, अशी ख्याती. यंदा मात्र ते जिंकतच सुटले होते.

संघांच्या नावांशी मात्र माझं जमलं नाही. आपल्याकडे संघाला शहराचं नाव असतं. इथे मालक कंपनी पाटीवर आधी. हॅनशिन ही रेल्वे. टोकियोचा योमिउरी जायंट्स हा वर्तमानपत्राचा. याकुल्ट स्वॅलोज हा दह्याच्या चुलतभावासारखं पेय विकणाऱ्यांचा. निप्पॉन हॅम फायटर्स ऐकल्यावर आमच्या शाकाहारी मंडळींना वाटलं, चला, हॅमविरुद्ध लढणारं कोणीतरी आहे. तर तो हॅम विकणाऱ्यांचाच.

सप्टेंबरात भाच्यानं हिरोशिमाच्या संघाविरुद्धची तिकिटं मिळवली. बेसबॉल कळायला मला फार त्रास झाला नाही, कारण मैदानाकडे कोणी फारसं बघतच नव्हतं. खरा सामना प्रेक्षकांत असतो. आपला संघ फलंदाजीला आला की कर्णे, ढोल, प्लॅस्टिकचे भोंगे एकमेकांवर आपटणं आणि प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं. ते चाळीस हजार लोकांना पाठ. संघ बाद झाला, की हे सगळे एका क्षणात गप्प आणि डब्यातला भात खायला मोकळे. मग कोपऱ्यातले लाल सदरेवाले हिरोशिमाकर सुरू. कोकणातली डबलबारी जशी: एका बुवांची बारी चालू असताना दुसऱ्या बुवांनी पान खायचं. कोणी कोणाच्या बारीत तोंड घालत नाही. सामना कितीही रंगो, ही शिस्त मोडत नाही. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत पथकांनी हे मनावर घेतलं तर कानाच्या डॉक्टरांचा धंदा बसेल.

पायऱ्यांवरून बिअरवाल्या पोरी चढत-उतरत होत्या. विशीतली मुलगी, पाठीला पंधराएक किलोचं पिंप, आणि चेहऱ्यावर हसू. गिऱ्हाइकानं हात वर केला की ती गुडघ्यावर बसते, पाठीवरून आलेल्या नळीनं पेला तिरका धरून भरते, वरचा फेस नेमका काठाशी थांबवते, पैसे घेते आणि सगळ्या पिंपासकट ताडकन उठते. नऊ डाव हेच. मी तिच्याकडून एक पेला घेतला. दुसरा केवळ तिचं ओझं कमी व्हावं म्हणून. तिसऱ्याच्या वेळी "अहो, श्रावण आहे" असा आवाज आला आणि माझं समाजकार्य थांबलं.

तिकडे शेजारच्या अमागासाकी गावच्या बाजारपेठेत आकड्याची पाटी. अजिंक्यपदाला किती विजय बाकी, तो आकडा. बाकीचा जपान हा हिशेब हंगामाच्या अखेरीस मांडतो; हे दुकानदार 143 सामन्यांतला एकही झाला नसताना 143 लावून मोकळे होतात. आशावाद म्हणजे किती.

14 सप्टेंबरला आकडा 1 वर होता. समोर जायंट्स, म्हणजे हाडवैरी. भाच्याची मामी कॅलेंडर घेऊन बसली. "आज पिठोरी अमावास्या. शुभकार्याला आजचाच दिवस सापडला का यांना?" मी म्हटलं, अगं, पोळाही आहे, बैलांचा दिवस वाघांना चालेल. तिकिटं मिळणं अशक्यच होतं. गल्लीतल्या ओकोनोमियाकीच्या टपरीवर टीव्हीसमोर उभे राहिलो. तव्यावर कोबीचं थालीपीठच म्हणा, पण मालकाचं लक्ष टीव्हीकडे, वाघांच्या सातोनं षटकार ठोकला (षटकार नव्हे, होमरन, पण आनंद तोच) आणि आमचं थालीपीठ करपलं. 4-3. जिंकले. ओकादासाहेबांना पोरांनी हवेत उडवलं. आणि मग त्यांनी 'आरे' सोडून खरा शब्द उच्चारला. टपरीतला एक म्हातारा ढसाढसा रडला. आमच्या घरात उखाणा घेतल्यावर इतकं कधी कोणी रडलं नाही.

त्या रात्री ओसाकाच्या दोतोनबोरी कालव्यावर पोलिसांचा पहारा होता. कारण जुनं आहे. 1985 साली वाघ जिंकले तेव्हा लोकांनी पुलावर एकेका खेळाडूसारखा दिसणारा माणूस शोधून त्याला पाण्यात उडी मारायला लावली. अमेरिकन दाढीवाल्या रँडी बासचा जुळा सापडेना. मग केएफसीच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळा उचलला आणि केलं विसर्जन. फक्त 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायला विसरले. कर्नलसाहेब परतले ते 24 वर्षांनी, 2009 साली, तेही तुकड्या-तुकड्यांनी. चष्मा आणि डावा हात कालव्यातच राहिला. 1985 नंतर मधल्या काळात वाघ देशाचं अजिंक्यपद एकदाही जिंकले नाहीत, तेव्हा दोष कर्नलच्या शापाला. 2005 च्या अंतिम मालिकेत ते चारही सामने हरले, चारांची मिळून बेरीज 33-4. हा आकडाही ओसाकात मोठ्यानं बोलायचा नसतो. मी बोललो. टपरीच्या मालकानं माझ्या बशीत आलं वाढणं थांबवलं.

या खेपेला मात्र पुढचंही जमलं. अंतिम मालिकेत समोर ओरिक्स बफेलोज, ते ओसाकाचे, म्हणजे वाघांविरुद्ध रेडे आणि दोघंही एकाच पंचक्रोशीतले. सात सामने, शेवटचा 5 नोव्हेंबरला, 7-1. देशाचं अजिंक्यपद, 38 वर्षांनी. आमच्या लग्नाइतकीच वर्षं, हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना निदान मिळालं तरी."

आठवड्यानं आम्ही पुण्याला परतलो. 1 डिसेंबरला भाच्याचा फोन आला: त्या वर्षीचा सर्वात गाजलेला शब्द म्हणून जपानमध्ये 'आरे'ला बक्षीस मिळालं होतं. आमच्या सोसायटीत हा शब्द रोज सकाळी पाण्याची मोटर सुरू होताना किमान पन्नास वेळा ऐकू येतो, आणि आजवर त्याला कोणी दमडी दिलेली नाही.