हरित वीज-व्रत : विधी, पथ्य आणि फलश्रुती

अधिकार. हे व्रत म्हणजे नेहमीच्या दरावर थोडे जादा पैसे देऊन आपल्या वापराइतकी वीज अक्षय स्रोतांतून मागणं. ते महाराष्ट्रात वीजबिल भरणाऱ्या कोणालाही करता येतं. स्वतःचं छप्पर असण्याची अट नाही. गच्चीवर सोलर पॅनेल बसवावीत की लग्नाचे मांडव घालू द्यावेत, हा ठराव ज्यांच्या सोसायटीत वर्षानुवर्षं पुढल्या सभेवर ढकलला जातो, त्यांनी तर अवश्य करावं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये याला रीतसर मान्यता दिली आहे. मीटर घरमालकाच्या नावावर असल्यास आधी घरमालकाची आराधना करावी.

दक्षिणा. नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे, असं आयोगाने तेव्हा ठरवलं. दर आदेशागणिक बदलू शकतो, म्हणून ताजा आकडा कंपनीला विचारावा. त्या हिशेबाने महिना ३०० युनिटांचे १९८ रुपये होतात. 'पृथ्वीसाठी इतके?' असा प्रश्न मनात येईल. तो येऊ द्यावा, पण भेळवाल्यासमोर उभं असताना मोठ्याने विचारू नये.

संकल्प. वीज कंपनीकडे अर्ज करावा. इथे गोत्र लागत नाही, ग्राहक क्रमांक लागतो. तो पाठ असलेला माणूस अजून जन्मायचा आहे, तेव्हा जुनं बिल शोधावं. ते टीव्हीखालच्या खणात, वॉरंटी संपलेल्या मिक्सरच्या कागदांखाली असतं.

साक्षात्कार. याची वाट पाहू नये. ट्यूबलाइट हिरवी होत नाही, पंखा पवित्र वारा देत नाही. डहाणूचा कोळसा, जैसलमेरचा ऊन-वारा आणि १९१५ पासून राबणारं खोपोलीचं पाणी, सगळं एकाच ग्रिडमध्ये मिसळतं. तुमच्या गीझरपर्यंत यांतलं नेमकं कोण पोचलं, हे चित्रगुप्तालाही सांगता येणार नाही. तुमच्या ६६ पैशांनी तारेत काही बदलत नाही, बदल होतो तो वहीत. तुम्ही वापरली तेवढी अक्षय वीज कंपनीने खरेदी केल्याची नोंद तिथे होते.

पथ्य. 'आता आपली वीज शुद्ध' म्हणून एसी १८ अंशांवर लावू नये. एकादशी अन् दुप्पट खाशी, हा प्रकार या व्रतालाही लागू आहे. स्टार लेबलचे एसी २०२० पासून सुरू होतानाच २४ अंशांवर येतात. रिमोटने त्यांचा तपोभंग करू नये.

फलश्रुती. प्रमाणपत्र मिळतं. ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकावं. सेक्रेटरी अंगठा दाखवतील. शेजारचे काका विचारतील, "बिल कमी येतं का हो?" "नाही, जास्त येतं," असं शांतपणे सांगावं. त्यानंतर लिफ्टमध्ये ते तुमच्याशी जरा हळू आवाजात, प्रकृतीची चौकशी करावी तसे बोलू लागतील. हे व्रत फळल्याचं पहिलं लक्षण.

उद्यापन. इथे बहुतेक व्रतस्थ चुकतात. प्रमाणपत्राला चौकट करून मोकळे होतात. वितरण कंपनीने एकूण विजेतला ठरावीक वाटा अक्षय स्रोतांतून घ्यायचा, हे बंधन तिच्यावर असतंच. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी तर ग्राहकाने आपल्या बंधनापलीकडे घेतलेली हरित वीज कंपनीच्या बंधनपूर्तीत धरायची सोय केली. घरगुती ग्राहकावर मुळात बंधनच नाही. म्हणजे उपास तुम्ही करायचा आणि पुण्य कंपनीच्या खात्यात जमा व्हायचं, अशी शक्यता उरतेच.

म्हणून प्रमाणपत्र हाती येताच कंपनीला एक अर्ज लिहावा. भाषा नम्र ठेवावी, पोच घ्यायला विसरू नये. प्रश्न एकच : 'माझ्यामुळे आपण जादा अक्षय वीज घेतलीत, की घ्यावीच लागणार होती तीच माझ्या नावावर दाखवलीत?' पुरेशा व्रतस्थांनी हा प्रश्न लावून धरला, तर पुढच्या सुनावणीत आयोगालाही तो विचारावासा वाटेल.

उत्तर येईपर्यंत गीझर दहा मिनिटं आधी बंद करावा. न वापरलेल्या युनिटचं पुण्य कोणत्याच नियमाने दुसऱ्याच्या खात्यात वळतं होत नाही, आणि त्याला दक्षिणाही लागत नाही.