दाणा दिसला पाहिजे

आमच्या सोसायटीतल्या काकांना सिनेमा बघायचा नसतो, प्रिंट बघायची असते. कुणाकडे गेले की पाण्याआधी रिमोट मागतात. परवा आमच्याकडे १९३६ चा 'संत तुकाराम' लावला होता. काका दारातच थबकले. "अहो, घरात खायला दाणा नाही त्या माणसाच्या, आणि गाल बघा, पेढ्यासारखे!" प्रभातचं ते चित्र जवळजवळ चौकोनी, चारास तीन, आमचा टीव्ही सोळास नऊ. आम्ही तुकोबांना ओढूनताणून पडदाभर बसवलं होतं. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतला आमचा रिमोट उचलून चित्र आवळलं. दोन्हीकडे काळ्या पट्ट्या आल्या, तुकोबा वाळले, तेव्हा कुठे काकांच्या घशाखाली पाणी उतरलं.

हा आजार व्हीसीडीपासूनचा. ३५२ बाय २८८ ठिपक्यांत अख्खा सिनेमा कोंबलेला, मध्येच उठून दुसरी चकती घालायची, वर कोपऱ्यात कंपनीचा शिक्का. डीव्हीडीत ठिपके वाढून ७२० बाय ५७६ झाले, तेव्हा काकांनी तेच सिनेमे पुन्हा विकत घेतले.

खरा राग मात्र 'साफ केलेल्या' प्रतींवर. "ओरखडे काढता काढता नायिकेचं कपाळही पुसलं हो यांनी! मेणाची बाहुली केली. फिल्मचा दाणा दिसला पाहिजे, दाणा!" एवढं कानावर पडलं की काकू आतून वाटीभर भाजलेले दाणे आणून ठेवतात. हा गैरसमज की शेरा, हे मला अजून उमगलेलं नाही.

एका विषयावर मात्र चेष्टा चालत नाही. २००३ साली पुण्यात आग लागून चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेटची रिळं जळाली. ते निघालं की काका रिमोट खाली ठेवतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात.

तर परवा, शेवटी तुकोबा गरुडावर बसून निघाले. आईने हात जोडले. काकांनी पॉज दाबला, उठून पडद्याला नाक लावलं. "हे आभाळ बघा! चौकोन चौकोन. नुसती फरशी बसवलीय!"

त्यांच्या घरीही हेच चालतं म्हणे. काकू सांगतात, व्हीसीडी आहे, डीव्हीडी आहे, पण आमचे तुकोबा अजून वैकुंठाला पोचलेले नाहीत.