पावणेसातच्या पाहुण्यांस



गेल्या शनिवारी आमच्या गॅरेज सेलला आपण आवर्जून आलात, त्याबद्दल आभार. पाटीवर 'सकाळी 8 ते दुपारी 2' अशी वेळ होती आणि खाली 'नो अर्ली बर्ड्स' असंही ठळक लिहिलं होतं. आपण पावणेसातलाच टॉर्च घेऊन हजर! मी पायजम्यात, तोंडात ब्रश, गॅरेजचं दार अर्धवट वर. त्याखालून आपण वाकून आत आलात. न्यू जर्सीतल्या पुष्कळ गावांत सेल लावायला परवाना काढावा लागतो. मीही काढला होता. तो विकणाऱ्यालाच का लागतो, हे कोडं मला तेव्हापासून पडलं आहे.

आत येताच आपण हात घातलात तो नेमका विकायला नसलेल्या वस्तूंना. माझं गवत कापायचं यंत्र, मुलीची सायकल आणि मी बसणार होतो ते स्टूल. मग चिनी मातीची भांडी एकेक उलटी करून आपण टॉर्चच्या उजेडात बुडं तपासलीत. कळलं मला. न्यूयॉर्क राज्यात एकाने असाच 3 डॉलरला घेतलेला वाडगा सुंग काळातला निघाला आणि 2013 साली सॉदबीच्या लिलावात 22 लाख डॉलरच्या वर गेला. कनेटिकटमधला 35 डॉलरचा मिंग वाडगा 2021 मध्ये सात लाखांवर गेला. त्या दुसऱ्या गृहस्थांनी 35 डॉलर घासाघीस न करता मोजले होते, एवढं मात्र आपल्या वाचनातून निसटलेलं दिसतं. आमच्या वाडग्याच्या बुडावर 'मायक्रोवेव्ह सेफ' असं होतं. आपला चेहरा फार वेळ बघवला नाही.

तेवढ्यात आपल्याला इडलीपात्र दिसलं. 'अरे वा, मराठी का!' म्हणालात, आणि मी 'हो' म्हणेपर्यंत पाच डॉलरचे दोन झाले होते. शिवाय 'पत्रा पातळ आहे', 'काळं पडलंय', 'आता कोण वापरतं हे', हेही झालं. दहा वर्षं दर रविवारी आम्ही वापरत होतो, हे सांगायचा धीर झाला नाही.

घासाघिशीला माझी ना नाही. गॅरेज सेलमध्ये ती चालतेच, आणि मी तर बोहारणीच्या काळातला. आमची आई एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर हुज्जत घालायची. पण तो सामना बरोबरीचा असे. आई पातेल्याला नावं ठेवी, बोहारीण जरीच्या साडीचा पदर उजेडात धरून भोकं मोजी. मधेच ती पाणी मागे, आई गूळही देई, आणि पुन्हा भांडण सुरू. इथे तुम्ही माझ्या संसाराला नावं ठेवणार. मी कशाला ठेवू? तुमच्या नोटेला? तीही शंभराची काढलीत! पहाटे पावणेसातला, दोन डॉलरच्या मालासाठी. आठवडाभर जमवलेली सगळी चिल्लर आपण एकट्याने नेलीत. आठ वाजता वेळेवर आलेल्या एका आजीबाईंना पन्नास सेंट परत द्यायला माझ्याकडे नाणं नव्हतं. त्यांना एक कुंडी फुकट द्यावी लागली.

माझंही चुकलं, नाही असं नाही. गिऱ्हाइकाने नुसता हात लावला की मी त्या वस्तूचा इतिहास सांगायला लागतो. हा टेबललॅम्प आम्ही कुठल्या हिमवादळात आणला, वगैरे. एका तरुण जोडप्याला चहासुद्धा पाजला. बिचारी संकोचाने फुटका थर्मास घेऊन गेली. आणि लेकीचा पाळणा मी थाटात मधोमध मांडला होता, एका बाजूची कड खाली सरकणारा. शेजारीण म्हणाली, हे पाळणे 2011 पासून विकता येत नाहीत, जुनेसुद्धा नाहीत. तान्ही मुलं फटीत अडकून दगावली आहेत. मला आधी रागच आला. मग मी तो आत नेला आणि करवतीने कापला. सबंध दिवसात तेवढं एकच काम मला जड गेलं.

विजेच्या खांबांवरच्या माझ्या पाट्या बुधवारपर्यंत तशाच होत्या. त्यामुळे रविवारी सकाळी साडेसहाला पुन्हा घंटी वाजली. आपणच होतात. हिने दार उघडू दिलं नाही, याबद्दल गैरसमज नसावा.

घरात सर्वांना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला,
अर्ध्या दाराआडचा यजमान

ता. क. इडलीपात्राच्या ताटल्या ज्यात ओवतात ती मधली दांडी आमच्याकडेच राहिली आहे. सवडीने घेऊन जावी, आठनंतर. दांडीची किंमत तीन डॉलर. सुटे आणावेत.