आसन आणि हँडल
1924 साली स्वामी कुवलयानंदांनी ज्या लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगाच्या शास्त्रीय अभ्यासास जागा करून दिली, त्याच लोणावळ्यात पावसाळी रविवारी दुचाकीवरून येणारा साधक कण्याची कमान करून, देहाचा भार मनगटांवर तोलून भुशी धरणाच्या वाटेवरील कोंडीत स्थिर होतो. या आसनाचे मूळ ‘क्लिप-ऑन’मध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना वेगवेगळे पकडणाऱ्या दोन आखूड, बुटक्या हँडलांमध्ये असते, ती शर्यतीत वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून योजलेली असली, तरी द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने मावळात तो वारा कामशेतच्या आसपास एखाद्या टेम्पोमागेच पडतो. बोटे बधिर झाली की उंच, रुंद हँडल बसवले जाते आणि जुने माळ्यावर, व्यायामाच्या सायकलीशेजारी, विसावते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. कायद्याला पाठ नसल्याने ती दुखत नाही. क्लचची वायर मात्र जुन्याच मापाची ठेवलेली असते, त्यामुळे टायगर पॉइंटवर गाडी वळवताना ती ताणली जाऊन क्लच आपोआप दाबला जातो आणि ताठ कण्याचा स्वार भजीच्या टपरीपर्यंत गाडी ढकलत नेतो.