मुंगसाला कोण विचारतो?

कर्वेनगरातल्या सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भल्या पहाटे जागे होतात. आधी सुप्रभात, मग लगेच भाषाशास्त्र. ‘नेव्हिगेशन’ म्हणे आपल्या ‘नवगती’वरून आलं. खाली अंगठ्यांची रांग.

पुरावा? पुरावा मागणारा देशद्रोही.

‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. अहो, ‘न्यू’चं अनेकवचन आहे ते. नव्या गोष्टी, बस्स. पण इतकं सरळ असलं तर पुढे ढकलणार कोण?

‘गोल्फ’ची कथा आणखी चविष्ट. पुरुषांनाच प्रवेश, बायकांना मज्जाव, अशा इंग्रजी पाटीची म्हणे ही आद्याक्षरं. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ साली गोल्फवर बंदी घातली होती खरी, पण ती सरसकट. लोक धनुष्यबाणाचा सराव बुडवून चेंडू बडवत होते म्हणून. आणि हा विनोद फिरतो कुठे? अण्णा कर्व्यांनी १९०० साली बायकांच्या शिक्षणासाठी जिथे झोपडी बांधली, त्याच हिंगण्यात.

हिंगणे बुद्रुक. कर्वेनगरचं जुनं नाव. त्यातलं ‘बुद्रुक’ फारसी ‘बुजुर्ग’वरून आलेलं. नदीपलीकडच्या हिंगणे खुर्दमधलं ‘खुर्द’ही फारसीच. जगातले सगळे शब्द संस्कृतातून काढणाऱ्यांनी आपल्या फ्लॅटचं खरेदीखत एकदा उघडून बघावं.

अर्थात, ही परंपरा जुनी आहे. ताजमहालाला तेजोमहालय म्हणणाऱ्या पु. ना. ओकांनी ‘व्हॅटिकन’मध्ये वाटिका आणि ‘ख्रिश्चॅनिटी’त कृष्णनीती शोधली. कानाला सारखं लागलं की झाली सोयरीक. या हिशेबाने ‘बटर’ बटाट्याचं कोण लागतं?

खरी भावकी आहे, नाही असं नाही. आपली ‘नौ’ आणि लॅटिनमधली ‘नाविस’ एकाच घरातल्या. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ आता बहुधा उरलेलं नाही, असं विल्यम जोन्स १७८६ मध्ये कलकत्त्यात सांगून गेला. म्हणजे आपण चुलत भावंडं.

पण आपल्याला बापच व्हायचं असतं!

बरं, इंग्रजीने मराठीकडून खरोखर उचललेला शब्द हवाय? ‘मंगूस’. आपलं मुंगूस. ऑक्सफर्डच्या कोशात चक्क मराठीच्या नावावर जमा आहे. त्याची पोस्ट कधी आली? नाही येणार. वाटिकेने छाती फुगते, मुंगसाने नाही.

साहेब तरी कुठे शहाणा? त्यानेही कानावरच भरवसा ठेवला आणि बिचाऱ्याच्या शेपटाला ‘गूस’ चिकटवला. हा ‘गूस’ मात्र आपल्या हंसाचा खराखुरा भाऊबंद, पण ते राहू द्या. आता ‘गूस’चं ‘गीस’ होतं, मग ‘मंगूस’चं ‘मंगीस’ का नाही, म्हणून त्यांची पोरं अडतात.

विचारायचं होतं की. सांगितलं असतं, मुंगसं.