वाऱ्याशी वाकडं

वाऱ्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तो आषाढात कौलं उडवतो, वैशाखात कैऱ्या पाडतो, एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. पण हाच वारा माझ्या गाडीचं पेट्रोल पितो, अशी खबर पुण्याच्या भाच्याने आणली, आणि तेव्हापासून मला स्वतःच्या गाडीची डिकी उघडता येत नाही.

भाचा तिकडे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. शिमग्याला पालखी नाचवायला येतो आणि पालखी सहाणेवर बसली की त्याचे हात रिकामे होतात. तो सांगतो ते शास्त्र मात्र खरं आहे. खोटं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं. गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. 1970 च्या दशकात नासाच्या लोकांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एका व्हॅनला ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकून तिचं चक्क खोकं केलं, मग त्याच खोक्याच्या कडा गोल केल्या, आणि वाऱ्याचा विरोध जवळजवळ निम्म्यावर आला. पुढे एका अमेरिकन गृहस्थाने 1992 ची होंडा सिव्हिक घेतली, घरच्या घरी चाकं झाकली, पोट झाकलं, मागे निमुळतं शेपूट लावलं आणि ताशी शंभराच्या वेगाला लिटरमागे 40 किलोमीटर काढले. या दोन्ही गोष्टींत रस्ता सपाट, सरळ आणि पूर्ण झालेला होता, एवढा तपशील भाचा जरा भरभर सांगतो.

मी हायस्कुलात गणित शिकवलेलं आहे. त्यामुळे तो पत्रे मोजत होता तेव्हा मी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. माझ्या गाडीचा आकार नि वजन धरलं, तर ऐंशीच्या वेगाला वारा तिला साधारण बावीस किलोच्या जोराने मागे रेटतो. तीसच्या वेगाला तोच जोर तीन किलो. टायर रस्त्यावर चेपून बारा-तेरा किलोचा अडथळा करतात, तो कुठल्याही वेगाला असतोच. आणि निवळीच्या घाटात शंभराला पाच असा चढ धरला, तर नुसता चढच पन्नास किलोंनी मागे ओढतो. याशिवाय ब्रेक. पेट्रोल जाळून कमावलेला वेग खड्डा दिसला की ब्रेकमध्ये जिरवायचा आणि खड्डा ओलांडला की पुन्हा कमवायचा. थोडक्यात, आमच्या संगमेश्वरात माझ्या गाडीच्या शत्रूंमध्ये सगळ्यांत किरकोळ कोण असेल तर वारा, आणि भाच्याने नेमकं त्याच्यावरच शस्त्र उपसलं.

कारण ऐंशी आणायचे कुठून? आमच्या मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला पनवेलच्या बाजूने 2011 साली हात लागला. रस्त्याचा आकडा 17 वरून 66 वर गेला. वेगाचा गेला नाही. सोनवीच्या पुलाजवळ आलो की समोरच्या टेम्पोच्या मागे लिहिलेलं सगळं वाचून होतं, समजून होतं, आणि त्यावर मतही बनतं. पीसीआरए ही इंधन वाचवण्याचे धडे देणारी सरकारी संस्था ताशी 45 ते 55 हा काटकसरीचा वेग सांगते. तो आम्हाला वांद्रीच्या पुढे मिळतो, तोही पुढचा डंपर चहाला थांबला तर. पुण्याच्या एआरएआय या वाहनतपासणी संस्थेत गाडीचं मायलेज रोलरवर पळवून काढतात, आणि त्या चाचणीत वेग एका टप्प्यावर थेट नव्वदला जातो. रोलरला डायव्हर्जन नसतं.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, हळूहळू फरक कळेल." त्यातल्या हळूहळूबद्दल दुमत नव्हतं.

सुरुवात पोटापासून झाली. गाडीच्या खालून सायलेन्सर, नळ्या, आडवे दांडे असं काय काय लोंबतं, त्यात वारा अडकतो, म्हणून खालून एक सपाट तळ हवा. त्यासाठी सनपॅकचे बोर्ड लागतात. निवडणूक आटोपल्यावर ते आमच्या भागात मुबलक असतात आणि त्यांचे मालक ते परत मागत नाहीत. भाच्याने मोठा बघून एक आणला, सायलेन्सरच्या जागी खाच पाडली आणि केबल टायने आवळला. छपाईची बाजू खाली आली. त्यामुळे हात जोडलेले एक उमेदवार हल्ली महामार्गाच्या परिस्थितीची अगदी जवळून पाहणी करत हिंडतात. माझ्या माहितीत अशी पाहणी यापूर्वी कुणीही केलेली नाही. पहिल्याच आठवड्यात एका स्पीडब्रेकरने त्यांची हनुवटी नेली, पावसाळ्याच्या तोंडावर एक कान गेला, आश्वासनं मात्र अजून शाबूत आहेत. मधून मधून एखादा टाय तुटतो आणि बोर्ड रस्त्याला घासत फरफरतो. मग बाजारपेठेतून जाताना लोक दुकानातून बाहेर येऊन बघतात, आणि मला थांबून, चिखलात गुडघे टेकून, उमेदवारांना पुन्हा वर बांधावं लागतं. मी त्यांना मत दिलं नव्हतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

पुढे भाच्याने गाडीभर लोकरीचे लाल धागे चिकटवले. वारा कुठून सरळ वाहतो आणि कुठे गिरक्या घेतो हे धाग्यांच्या फडफडण्यावरून कळतं, आणि मोठमोठ्या कंपन्याही ही चाचणी घेतात म्हणे. आमच्या गाडीवर ते दिवसभर खाली लोंबत राहिले. चक्काजामात धागे काय दाखवणार? माभळ्याच्या एका रिक्षावाल्याने तेवढी चौकशी केली. "काय मास्तर, कुठला नवस फेडताव?" मी म्हटलं, कर्णेश्वराचा. खरं सांगायला बॉनेटवर आकृती काढावी लागली असती.

चाकांवर त्याने सपाट गोल चकत्या स्क्रूने बसवल्या. दिसायला बऱ्या आहेत. मात्र व्हॉल्व्ह त्यांच्या आत गेले, त्यामुळे हवा भरायची तर आधी चारही चकत्या उतरवायच्या. पंक्चरवाल्याने एकदा उतरवल्या; हल्ली तो माझी गाडी लांबून दिसली की जेवायला जातो. टायरमध्ये हवा कमी असली की पेट्रोल जास्त जातं हे त्याच पीसीआरएच्या पत्रकात आहे. म्हणजे बाहेरच्या हवेपासून वाचवलेलं पेट्रोल आतल्या नसलेल्या हवेवर खर्च होतं. पुढची जाळीही पुठ्ठ्याने बुजवली आहे. थंड मुलखात जाळी झाकली की इंजिन लवकर तापतं आणि तो फायदाच असतो. आमच्याकडे ते लवकर तापावं अशी कुणाचीच इच्छा नव्हती. निवळीच्या अर्ध्या घाटात काटा वर सरकला की मी खाली उतरून पुठ्ठा काढतो, माथ्यावर पोचलो की परत लावतो.

पण खरं दुःख कॅरिअरचं. टपावरचा रिकामा कॅरिअरसुद्धा वारा अडवतो, म्हणून तो काढून माळ्यावर टाकला. कोकणात कॅरिअर रिकामा असतो कधी? मेमध्ये पेट्या, चतुर्थीला माटवीचं सामान, मधल्या दिवसांत कुणाची तरी शिडी. शिवाय भाच्याने मागे लावलेल्या निमुळत्या शेपटामुळे डिकीही गेली. तेव्हा देवरुखहून रत्नागिरीला, सासुरवाडीला न्यायचा बरका फणस मागच्या सीटवर, आमच्या सौभाग्यवतींशेजारी बसला. भाच्याचे नियम दोन: काच उघडायची नाही, कारण वारा आत शिरून गाडी अडवतो, आणि एसी लावायचा नाही, कारण तोही पेट्रोल खातो. त्या दिवशी भाचा पुढे माझ्याशेजारीच होता. हळू वेगाला काच उघडी ठेवणंच स्वस्त पडतं, हे त्याला त्याच्याच शास्त्राने समजावलं. तो म्हणाला, सवय मोडते. बावनदीपर्यंत फणस पूर्ण पिकला. हातखंब्यानंतर सौ. बोलायच्या बंद झाल्या, त्या रत्नागिरीत भावाच्या दारात पुन्हा सुरू झाल्या, आणि तेव्हा समोर भाचा नव्हता. तो अलीकडच्याच चौकात उतरला होता.

बाजूचे आरसे काढायचे हाही त्याचा बेत होता. मी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 दाखवलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाने मनमानी फेरफार केले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' या शब्दावर तो थोडा वेळ थांबला आणि गाडीभोवती एक फेरी मारून आला. आरसे राहिले.

या सगळ्याहून खात्रीची काटकसर आमच्या स्टेशनावरून रोज जाते, हे मला जास्त झोंबतं. कोकण रेल्वेने 1999 मध्ये भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यात वेर्ण्याला न्यायला सुरुवात केली. ड्रायव्हर केबिनमध्ये पाय पसरून, इंजिन बंद, डिझेल शून्य. 2025 च्या गणपतीत हीच सोय मोटारींना झाली, भाडं 7875 रुपये. रस्ता नाही, खड्डा नाही, घाट बोगद्यातून. वाऱ्याचं काय ते रेल्वेचं इंजिन बघून घेतं. फक्त संगमेश्वरात उतरता येत नव्हतं. म्हणजे माझी गाडी लिटरभरही न जाळता माझ्या घरासमोरून गेली असती आणि ती आणायला मला गोव्याच्या दिशेने कितीतरी पुढे जावं लागलं असतं.

भाचा स्वतः पुण्याहून एसटीने येतो. सपाट तोंडाची, टपावर खडखडणारी, खिडक्या सताड उघड्या, अशा त्या गाडीत आंबा घाटातसुद्धा त्याला गाढ झोप लागते. वाऱ्याचा विरोध जाणवत नाही.

परवा मी त्याला कळवलं, की टाकी पूर्वी जिथे संपायची तिथेच संपते. त्याचं उत्तर लगेच आलं: "मामा, तुम्ही फार हळू चालवता. सत्तरच्या खाली यातलं काहीच काम करत नाही." सोनवीच्या पुलावरून सत्तरने कसं जायचं हे त्याने लिहिलेलं नाही. दिवाळीला येताना बंपरखाली लावायला आणखी एक बोर्ड लागेल, तो मात्र माप देऊन शोधून ठेवायला सांगितला आहे. जिल्हा परिषदेचा चालेल म्हणाला.